‘मल्टिग्रेन’, ‘कोलेस्टेरॉलमुक्त’: खरे लिहूनही फसवता येते का?

चिकित्सक
परवा आणलेल्या ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांच्या पुड्यावर नाचणीची, ज्वारीची कणसे दिमाखाने छापली आहेत. पुडा उलटला तर घटकांच्या यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि चित्रातली सगळी धान्ये मिळून जेमतेम 4 टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याची सक्ती आहे म्हणून एवढे तरी कळले. खाद्यतेलाच्या पिशवीवरचा ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शिक्का त्याहून मासलेवाईक आहे, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते आणि शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात ते मुळात नसल्यातच जमा असते. असे दावे खोटे नसतात, म्हणूनच अधिक लबाड असतात. त्यांवर सरसकट बंदी हवी.

गल्ल्यावरून
असहमत आहे. मी किराणा दुकान चालवतो आणि गिऱ्हाईक किंमत व तारीख यांपलीकडे काही पाहत नाही, हे रोज अनुभवतो. साबणाच्या वेष्टनावर ‘टॉयलेट सोप’ की ‘बेदिंग बार’ आणि टीएफएम, म्हणजे साबणातल्या स्निग्धाम्लांचे एकूण प्रमाण, किती, हे छापलेले असते. पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपला ते किमान 76 टक्के लागते. आजवर एकानेही विचारलेले नाही. शिवाय कायदा झोपलेला नाही: आटवलेल्या रसात पाणी मिसळून केलेल्या पेयांवरचा ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून 2024 मध्ये दिलाच की. खरे विधान छापण्यावर बंदी कोणत्या न्यायाने घालायची?

माजघर
दुकानदारसाहेब, आपले उदाहरण आपल्यावरच उलटते. तो दावा वर्षानुवर्षे खपला, आणि आदेशानंतरही छापून ठेवलेली वेष्टने संपवायला कंपन्यांना 1 सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. ‘वाचत नाहीत’ म्हणता, पण वाचायचे कोणत्या भाषेत? सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत दिली की नियम पुरा होतो, मराठी ऐच्छिक. माझ्या मधुमेही आईने ‘साखर घातलेली नाही’ हे ठळक शब्द पाहून एक पावडर आणली. मागे बारीक इंग्रजीत माल्टोडेक्स्ट्रिन लिहिले होते, जे रक्तातली साखर झपाट्याने चढवते. भिंग लावूनही तिला त्यातले काय उमगणार होते?

गल्ल्यावरून
भाषेचा मुद्दा मान्य. मराठी सक्तीची करा, मी पहिली सही करीन. बंदीला मात्र विरोध कायम आहे.

चिकित्सक
मग बंदीचा आग्रह सोडतो. ज्या अक्षरांत ‘मल्टिग्रेन’ छापता, त्याच आकारात, त्याच बाजूला, मराठीत ‘4 टक्के’ असेही छापा. यात खऱ्या विधानावर कोणते बंधन येते?

गल्ल्यावरून
कोणतेच नाही. फक्त माझ्याकडे त्या बिस्किटांच्या दोन पेट्या आहेत, त्या तेवढ्या पडून राहतील.