झीरो की जीरो? इंदूरच्या मराठी घरांतली इंग्रजी

आमच्याकडे जेवताना यावरून हमखास जुंपते. लेक शाळेतून हिंदी वळणाचं 'जीरो', 'जू', 'जेब्रा' घेऊन येतो आणि त्याची आजी म्हणते, अरे झीरो म्हण, जिरं काय फोडणीत घालायचंय? मला विचाराल तर आजीचंही अर्धंच बरोबर. इंग्रजी झेडचा आवाज आपल्या 'झाड'मधल्या झच्या बराच जवळ आहे, पण 'माझी'तला झ वेगळा, तिथे जीभ टाळूकडे जाते, म्हणजे 'माझी'तल्या झनं झेब्रा म्हटलं तर तो जेब्राइतकाच लांब गेला. हिंदीत नुक्ता, म्हणजे अक्षराखाली टिंब, देऊन 'ज़' लिहितात ते चांगलंय, पण छापताना नुक्ता गळतो आणि बोलताना तर गळतोच. तुमच्या घरी काय म्हणतात?

उत्तर : काका, ज-झ सोडा, आमच्या घरचं भांडण व्हॅनचं आहे. वहिनी पुण्याच्या, त्या व्हॅन म्हणतात, आम्ही सगळे इथलेच, आम्ही वैन, आणि माळव्यात ऐचा ए होतो म्हणून शेजारी तर सरळ वेन, बँकेचीपण बेंक. मला वहिनींचं पटतं. व्हॅन, व्होट, व्हिडिओ एकीकडे आणि वॉर्ड, वॉटर, वाइन दुसरीकडे, हा फरक मराठी लिहिण्यात दिसतो, हिंदीत बनियनचा व्हेस्ट आणि पश्चिमेचा वेस्ट दोन्ही 'वेस्ट'च. फक्त व्ह बघून ह वर जोर देऊ नये, 'वहॅन' होतं. खालचा ओठ वरच्या दातांना हलकेच लावा, झालं. वॉटरला दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो.

उत्तर : भिया, 'रिसिप्ट'चं काय ते सांगा! आमच्या दुकानात गिऱ्हाईक रिसिप्ट मागतं, मुलगी म्हणते रिसीट, रोज कचकच.

उत्तर : ताई, मुलगीच बरोबर. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात पी नव्हता, पुढे लॅटिनशी नातं दिसावं म्हणून लिहिण्यात घातला, आज बोलताना तो येत नाही. डेटमधला बी पण असाच, कर्जाचा डेट हं, तारखेचा नाही. मुलांना हे सांगितलं की स्पेलिंगही पाठ होतं आणि उच्चारही राहतो, नुसतं 'सायलेंट आहे' म्हणून गप्प बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. शेड्यूलवरून मात्र कोणाला टोकू नका, शेड्यूल ब्रिटिशांचं, स्केड्यूल अमेरिकनांचं, दोन्ही डिक्शनरीत आहेत. वेन्सडेला 'वेड-नेस-डे' म्हणणं स्पेलिंग घोकण्यापुरतं ठीक, पण मुलगा तसंच बोलायला लागला तर लगेच सांगा, नंतर ते तोंडातून जात नाही.