आम्ल-आम्लारी की आम्ल-क्षार?

कालिंदी: परळच्या एका रुग्णालयातल्या सिस्टरांसाठी टिपण मराठीत करतेय. विषय: लेह किंवा बोलिव्हियातल्या ला पाझसारख्या उंच ठिकाणच्या अत्यवस्थ गरोदर बायकांच्या रक्तातला अ‍ॅसिड-बेसचा तोल. मी 'आम्ल-आम्लारी संतुलन' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी 'आम्ल-क्षार' केलं. शाळेत तर क्षार म्हणजे सॉल्ट होतं ना?

गिरगावकर: आम्लारीच ठेवा. क्षार म्हणजे बेस हे हिंदीतलं. त्यांच्याकडे सॉल्टला लवण आहे.

वैद्यकाका: हिंदीतलं कसं? आयुर्वेदात वनस्पती जाळून राखेतून काढतात तो क्षार. भगंदराच्या क्षारसूत्राला, म्हणजे औषधी दोऱ्याला, आघाड्याचा क्षार लावतात, तो बेसच. अल्कली या शब्दाच्या मुळाशी असलेला अरबी शब्दही राखेचाच. शब्द मूळचा आमचा, सॉल्टकडे वळवला पाठ्यपुस्तकवाल्यांनी.

रात्रपाळी: आयसीयूत आम्ही नुसतं 'एबीजी पाठव' म्हणतो, म्हणजे धमनीतल्या रक्ताची वायू-तपासणी. कालिंदीताई, दोन्हींतलं काहीही लिहा, पण आकडे ठळक द्या. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास वाढतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड (दाब, मिमी पारा) ४० वरून ३० च्या आसपास येतो, आम्ल शोषणारं बायकार्बोनेट (मिलिमोल प्रति लिटर) २४ वरून २० च्या. लेहला, ३,५०० मीटरवर, विरळ हवेमुळे दोन्ही आणखी उतरतात. तिथल्या धापा टाकणाऱ्या गरोदर बाईच्या रिपोर्टात कार्बन डायऑक्साइड ४० दिसला, तर छापील नॉर्मल बघून निवांत बसायचं नाही. ती दमलीय, श्वास अपुरा पडतोय. उलट बायकार्बोनेट १८ म्हणून लगेच रक्तात आम्ल वाढल्याचा, म्हणजे अ‍ॅसिडोसिसचा शिक्का मारू नये. मला 'संतुलन' जास्त खटकतं. पीएच जागेवर असतो, पण बायकार्बोनेटची गंगाजळी आधीच आटलेली असते. जंतुसंसर्गात आम्ल वाढलं की ती बाई फार लवकर कोसळते.

कालिंदी: मग शरीर पीएच असा जागेवर राखतं, त्या कॉम्पेन्सेशनला 'भरपाई'?

गिरगावकर: भरपाई अपघातात मिळते. 'प्रतिपूरण' घ्या.

रात्रपाळी: प्रतिपूरण एकाही सिस्टरला कळणार नाही. भरपाईच.

माहेर_मालवण: आमच्याकडे लोणच्याचा खार आंबट, पापडखार बेस आणि खारं पाणी मिठाचं. तिन्हीकडे खार, आणि स्वयंपाकघरात कुणाचाही घोळ होत नाही!

गिरगावकर: म्हणूनच शास्त्राला वेगळा शब्द लागतो.

वैद्यकाका: खार हे क्षारचंच रूप. खारफुटी, खारवणे, सगळं तिथलंच.

माहेर_मालवण: मग खार स्टेशन? तेही मिठावरून?

गिरगावकर: मिठागरं वडाळा-भांडुपकडे. खारला होती का कधी?