कायद्यापेक्षा रंगच महाग होता
पूर्वी सामान्यांना उंची वस्त्रं वापरायला कायद्याने बंदी होती म्हणून कपड्यांतला श्रीमंत-गरीब भेद टिकला, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथच्या काळात अशी फर्मानं पुन्हा पुन्हा काढावी लागली, म्हणजे लोक ती पाळत नव्हते. खरा अडसर किमतीचा होता. रोमन सम्राटांचा जांभळा रंग म्युरेक्स या समुद्री गोगलगायींपासून निघे. १९०९ साली रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्रीडलेंडर यांनी हा रंग काढायला १२,००० गोगलगायी वापरल्या, हाती आला जेमतेम १.४ ग्रॅम रंग! एका झग्यासाठी किती जीव गेले असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो. जांभळ्या रंगावरची बड्यांची ती मिरास मोडली १८५६ मध्ये. १८ वर्षांचा विल्यम पर्किन हा इंग्रज रसायनशास्त्राचा विद्यार्थी क्विनाइन हे हिवतापावरचं औषध बनवायच्या खटपटीत होता आणि दगडी कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यापासून त्याला गोगलगायींशिवाय बनणारा जांभळा रंग सापडला.