मदत हवी आहे: दरोड्यानंतर वस्तीवरची रात्रीची गस्त कशी चालवावी?

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत, उसात. 22 उंबरे. तीन आठवड्यांपूर्वी दरोडा पडला, म्हाताऱ्या जोडप्याला बेदम मारलं. दोघे आरोपी सापडलेत, पण भीती गेलेली नाही. शेतीची लाइट रात्रीची, तरी दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, एकटं कुणी जात नाही. ते आजी-आजोबा अजून लेकीकडेच आहेत.

पोलीस पाटलांशी बोललो. फाट्यावर कॅमेरा, खांबांवर दिवे झाले. 112 सगळ्यांना पाठ आहे. ग्रामसुरक्षा यंत्रणेत (एका फोनवर सगळ्या गावाला निरोप जातो ती) सगळ्यांचे नंबर नोंदवलेत.

अडचण गस्तीची. पहिले दहा दिवस पंधरा जण यायचे, आता चार. त्यात परवा पोरांनी एका ऊसतोड मजुराला अडवून धक्काबुक्की केली. 2018 मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात नुसत्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांचा जीव गेला, ते आठवून माझी झोप उडालीय. त्या मजुरांची पालंही इथंच आहेत, त्यांनाही तेवढीच भीती वाटते.

पैसे देऊन राखणदार ठेवणं परवडणार नाही.

ज्यांच्याकडे ग्रामसुरक्षा दल वर्षभर टिकलंय त्यांनी सांगा: पाळ्या कशा लावल्या, ओळखपत्रं पोलीस ठाण्यातून मिळाली का, आणि अनोळखी माणूस दिसला तर नेमकं काय करायचं हे पोरांना कुणी शिकवलं?