हूफनागेलची फुले आणि कीटक: समोर नमुना ठेवून काढलेली की आधीच्या चित्रांवरून?

प्रश्न

लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातील सुलेखनाच्या एका हस्तलिखिताची पाने मी सध्या बारकाईने पाहत आहे. गेओर्ग बोचकाय या लेखनिकाने ते १५६१-६२ मध्ये पवित्र रोमन सम्राट पहिल्या फर्डिनांडसाठी लिहिले आणि सुमारे तीस वर्षांनी, सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या काळात, चित्रकार योरिस हूफनागेलने त्यातील मोकळ्या जागांत फुले, फळे, किडे आणि शिंपले रंगवले. एका पानावर ट्यूलिप, कोळी आणि पेअर शेजारीशेजारी आहेत. वसंतातले फूल आणि उन्हाळा सरताना पिकणारे फळ एकत्र कसे आले? हे सारे प्रत्यक्ष पाहून काढलेले आहे का?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे, कारण आपण सांगता त्याच पानावरील उडता कीटक अभ्यासकांच्या मते काल्पनिक आहे. तरीही हूफनागेल कीटक हातात घेऊन पाहत होता, याचा भक्कम पुरावा त्याच्या चार महाभूतांवरील चित्रसंग्रहात मिळतो. हा संग्रह आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातील अग्नीचा खंड त्याने कीटकांना वाहिला असून तेथे काही चतुरांची शरीरे रंगवली आहेत आणि पंख मात्र खरे, चर्मपत्रावर चिकटवलेले आहेत. चतुराच्या पंखाची पारदर्शक जाळी रंगात पकडणे किती कठीण आहे, हे ज्याने ती काढून पाहिली आहे त्यालाच असे करावेसे वाटेल. मात्र त्याच खंडातला शिंगांसारख्या जबड्यांचा मोठा भुंगेरा जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५०५ मधील चित्रावरून घेतलेला आहे. निरीक्षण आणि अनुकरण त्याच्याकडे असे एकत्र नांदतात, आणि ऋतूंची सरमिसळ त्यातूनच शक्य होते, कारण वेगवेगळ्या वेळी केलेले अभ्यास चित्रकार एका पानावर हवे तसे मांडू शकतो.

प्रतिसाद २

मला यात सावल्या सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या बेल्जियममधील गेंट आणि ब्रूजच्या चित्रकारांनी प्रार्थनापोथ्यांच्या सोनेरी समासांत सुटी फुले, माशा आणि फुलपाखरे अशी रंगवली, की त्यांची सावली पानावरच पडावी आणि ती नुकतीच तेथे येऊन बसल्यासारखी वाटावीत. अँटवर्पमध्ये जन्मलेला हूफनागेल याच परंपरेचा वारस होता. बोचकायच्या हस्तलिखितात त्याने ती आणखी पुढे नेली: एका फुलाचा देठ पानाला पाडलेल्या चिरेतून ओवल्यासारखा रंगवला आणि पान उलटल्यावर मागच्या बाजूलाही त्या देठाचा तुकडा रंगवून ठेवला. बोचकाय १५७५ मध्येच वारला होता, त्यामुळे दोघांनी मिळून काम करण्याचा प्रश्नच नव्हता. पण लेखनिकाच्या करामतीला चित्रकाराने दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ती

मन:पूर्वक आभार. त्या पानाची मागची बाजू मी पाहिलीच नव्हती. पान जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर उंच असताना इतके बारकावे पुढच्या चित्रकारांपर्यंत कसे पोहोचले असतील?

प्रतिसाद १

मूळ पाने सम्राटाच्या संग्रहात होती, त्यामुळे ती फार थोड्यांना दिसली असणार. मात्र हूफनागेलचा मुलगा याकोब याच्या नावाने १५९२ मध्ये फ्रँकफर्टला वडिलांच्या अभ्यासांवर आधारित ताम्रपट-मुद्रित चित्रांचा संच निघाला आणि पुढच्या शतकातील फूलचित्रकारांनी त्यातून कीटक उचलले. आपण ती मुद्रिते मूळ लघुचित्रांशेजारी ठेवून पाहावीत. रेषा बरीचशी टिकते, पण चर्मपत्रावरच्या रंगांचा तजेला त्यांत उतरत नाही.