'लक्षवेधी दोष' असे म्हणता येईल का?

अनुवादिका, होटगी रस्ता
टॉवेल आणि चादरी परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यासाठी मी माल तपासणीच्या सूचनांचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. गेल्या आठवड्यातील पत्रकात 'कॉन्स्पिक्युअस' दोष असलेला नग बाजूला काढावा, असे वाक्य होते. मी ते 'लक्षवेधी दोष असलेला नग' असे उतरवले. तपासणीच्या टेबलावरील एका मावशींनी ते वाचून मला विचारले, "ताई, दोष लक्षवेधी असेल तर नग ठेवायचा की काढायचा?" त्यांची शंका मला रास्त वाटली. त्याच पत्रकात रंगसंगतीबद्दल 'स्ट्रायकिंग', 'बोल्ड', 'लाउड' आणि 'गॅरिश' ही विशेषणे आहेत. पहिल्या दोहोंसाठी मी 'आकर्षक' आणि पुढच्या दोहोंसाठी 'भडक' लिहिले. इंग्रजीतल्या पाच छटा माझ्या हातून तीन शब्दांत कोंबल्या गेल्या. हे दारिद्र्य मराठीचे नाही, याची मला खात्री आहे, म्हणून जाणकारांनी शब्द सुचवावेत.

निवृत्त शिक्षक, साखर पेठ
मुळात 'लक्षवेधी' हाच शब्द तपासून घ्यावा. संस्कृतात 'लक्ष' म्हणजे नेम धरण्याची खूण, आणि तिचा वेध घेणारा तो लक्षवेधी. म्हणजे तो धनुर्धर झाला, त्याच्यासमोरची वस्तू नव्हे. मराठीत 'लक्ष' म्हणजे अवधान आणि 'लक्ष्य' म्हणजे निशाण अशी वाटणी नंतर झाली, तेव्हा अवधान वेधून घेणाऱ्या वस्तूला निदान 'लक्षवेधक' तरी म्हणावे. चित्तवेधक म्हणतो, चित्तवेधी म्हणत नाही.

माजी वार्ताहर, सात रस्ता
गुरुजी, आपल्याविषयी आदर ठेवून असहमती नोंदवतो. विधिमंडळात 'लक्षवेधी सूचना' मांडली जाते आणि आम्ही बातमीत नुसते 'लक्षवेधी मांडली' असे लिहीत आलो. तो शब्द आता कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. शिवाय ती सूचना बहुधा एखाद्या उणिवेबद्दलच असते, पाणी सुटत नाही किंवा रस्ता उखडला आहे, म्हणून. मग 'लक्षवेधी'त स्तुती अंगभूत आहे, असे कसे म्हणता येईल? ताईंचा अनुवाद चुकीचा नाही.

अनुवादिका, होटगी रस्ता
विधिमंडळातली लक्षवेधी मुद्दाम लक्ष वेधण्यासाठी मांडली जाते. ताण्याचा धागा तुटून कापडात पडलेली रेघ कोणी मुद्दाम पाडलेली नसते, ती दिसायला नको असूनही दिसते. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचे उदाहरण घेऊ. श्रीसिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज सजून निघतात, तेव्हा ते 'स्ट्रायकिंग' असतात. त्याच मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतल्या शेकडो माणसांमध्ये एखादा निळा शर्ट घालून उभा राहिला, तर तो 'कॉन्स्पिक्युअस' ठरतो. त्याच्यात काही विशेष नसते, भोवतालामुळे तो लपू शकत नाही, एवढेच. मला या दुसऱ्यासाठी शब्द हवा आहे.

यंत्रमागधारक, अशोक चौक
मला 'भडक'विषयी बोलायचे आहे, कारण या शब्दावर अन्याय होतो आहे. आमच्या घरात तेलुगू बोलतात, पण रंगांची भाषा मी गिऱ्हाइकांकडून मराठीतच शिकलो. माझे वडील चादरी घेऊन आठवडी बाजारांत जात, तेव्हा बायका स्वतःहून "भडक रंगाची दाखवा" असे म्हणत, आणि त्यांना लाल किंवा राणी रंगाची चादर दाखवली की त्यांचे समाधान होई. त्यात नापसंती अजिबात नव्हती. 'भडक' हा शब्द भडक्यातून, म्हणजे आगीच्या ज्वाळेतून आला असावा, असे मला नेहमी वाटते. इंग्रजीतला 'फ्लॅम्बॉयंट' हा शब्दही फ्रेंचमधून आलेला असून त्याचा मूळ अर्थ 'ज्वाळेसारखा' असाच आहे, आणि आपल्या गुलमोहराला इंग्रजीत त्याच नावाने ओळखतात. ज्वाळा एकच, पण त्यांच्याकडे तिला ऐट आली आणि आमच्या माथी अभिरुचीहीनतेचा शिक्का बसला. 'लाउड'साठी 'भडक' ठेवा, पण 'गॅरिश'मध्ये जो तिटकारा आहे, त्यासाठी 'बटबटीत' हा सरळ शब्द आपल्याकडे आहे.

निवृत्त शिक्षक, साखर पेठ
'बटबटीत' उत्तम. शब्दांना चिकटणारी निंदा आणि स्तुती ही कायमची नसते, हे इंग्रजीतही दिसते. 'एग्रीजियस' म्हणजे लॅटिनमध्ये 'कळपाबाहेर उठून दिसणारा'. पूर्वी तो श्रेष्ठ माणसासाठी वापरत, आज तो घोर चुकीसाठी वापरतात. आपल्याकडे 'नामचीन' पाहा. हिंदीत शायरही नामचीन असतो, मराठी वर्तमानपत्रात मात्र गुंडच नामचीन असतो. 'लक्षवेधक'विषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही.

वाणिज्य शाखेची प्राध्यापिका, जुळे सोलापूर
अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये रूढ केलेल्या संज्ञेत हेच 'कॉन्स्पिक्युअस' विशेषण उपभोगाला लावलेले आहे. मी वर्गात त्याला 'दिखाऊ उपभोग' म्हणते, पण मला ते खटकते. 'दिखाऊ'त वरून चांगले आणि आतून पोकळ असा आरोप आहे, आणि श्रीमंताने खरोखरीचे सोने अंगावर घालून मिरवले तर त्यात पोकळ काहीच नाही. 'मिरवण्याचा उपभोग' म्हणावे का?

पक्षीनिरीक्षक, नान्नजजवळून
माळढोक एरवी वाळलेल्या गवतात उभा असला तरी चटकन ओळखू येत नाही, परंतु विणीच्या हंगामात नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवतो आणि दुरूनही दिसतो. आम्ही नोंदवहीत 'ठळक दिसतो' असे लिहितो. 'ठळक दोष' का चालू नये?

मंगळवेढ्याची लेक, आता सोलापुरात
'ठळक' चालेल, पण मला वाटते आपण सगळे विशेषणांत अडकलो आहोत. मराठी हे काम क्रियापदांवर आणि विभक्तीवर सोपवते. माझी आजी ज्वारीचे पीक पाहून "नजरेत भरलं" म्हणायची, म्हणजे मन तृप्त झाले. वस्तू नजरेस पडते, तेव्हा त्यात आवड-नावड काही नसते. एखाद्याची भरभराट डोळ्यांवर येते, तेव्हा हेवा आला. डोळ्यांत खुपते, तेव्हा वेदना झाली. डोळा तोच असून 'स', 'त' आणि 'वर' यांनी सगळा निवाडा करून टाकला. इंग्रजी एका विशेषणाला जे करायला लावते, ते आपल्याकडे प्रत्यय करतो. म्हणून ताईंनी 'सहज नजरेस पडणारा दोष' असे लिहावे.

माजी वार्ताहर, सात रस्ता
रचना सुंदर आहे, पण तपासणीच्या तक्त्याच्या रकान्यात ती मावणार नाही. छापील भाषेला एकपदी शब्द लागतो.

निवृत्त शिक्षक, साखर पेठ
रकाना रुंद करावा. भाषा आखडून घेण्यापेक्षा ते सोपे आहे.

अनुवादिका, होटगी रस्ता
'लाउड'ला 'भडक' आणि 'गॅरिश'ला 'बटबटीत' हे मी स्वीकारते. तक्त्यात सध्या 'ठळक दोष' लिहिले असून कंसात 'सहज नजरेस पडणारा' अशी पुस्ती जोडली आहे. 'स्ट्रायकिंग'साठी 'उठावदार' लिहू का?

यंत्रमागधारक, अशोक चौक
आमच्या धंद्यात 'उठाव' म्हणजे मागणी. "यंदा मालाला उठाव नाही" हे वाक्य आम्ही काळजीने बोलतो. नक्षी उठावदार असूनही मालाला उठाव नसतो, असे अनेकदा घडते, आणि कारागीर 'उठावदार' वाचून ती विकली जाणारी नक्षी समजेल, अशी मला भीती वाटते.

निवृत्त शिक्षक, साखर पेठ
नक्षी जमिनीवरून उठते तो उठाव आणि माल गोदामातून उठतो तो उठाव. धातू एकच असताना यात गोंधळ कसला?

यंत्रमागधारक, अशोक चौक
गुरुजी, गोदामातून माल उठत नाही, तेव्हा तो गोंधळ आम्हाला कळतो. 'उठून दिसणारी' असे लिहा.