हॉरॉक्सच्या प्रात्यक्षिकात सहाही कप निळे का होतात?

प्रश्न: विहिरीच्या पाण्याला ब्लीचिंग पावडर किती लागेल हे काढायचं हॉरॉक्सचं प्रात्यक्षिक घेते: काळ्या कपात पावडरीचं द्रावण करायचं, ते तपासायच्या पाण्याच्या सहा पांढऱ्या कपांत चढत्या थेंबांनी टाकायचं, अर्ध्या तासानं सूचक टाकून पहिला निळा कप कोणता ते पाहायचं. 30 विद्यार्थ्यांची बॅच, दोन तास, पाणी प्रयोगशाळेच्या नळाचं. दरवेळी पहिल्या कपापासूनच निळा रंग येतो. पावडर बदलली तरी तेच. नेमकं काय चुकतंय? आणि विहिरीवर नेल्यावर विद्यार्थ्यांकडून काय करून घ्यावं?

उत्तर 1: मॅडम, पावडरीवर शंका नको, पाणी तपासा. काहीही न मिसळता त्या पाण्यात स्टार्च-आयोडाइडचे (क्लोरीन असलं की निळा होणारा सूचक) तीन थेंब टाका. निळं झालं तर त्यात क्लोरीन आधीपासूनच आहे. नाही झालं तरी स्वच्छ नळाच्या पाण्याची क्लोरीनची मागणी (पाण्यातल्या घाणीवर खर्च होणारं क्लोरीन) इतकी कमी असते की पहिलाच कप निळा होणार. उपसलेलं विहिरीचं कच्चं पाणी आणा, तरच प्रयोगाला अर्थ.

कपागणिक काचकांडी वेगळी हवी. एकच फिरवली की क्लोरीन पुढच्या कपात जातं. काळ्या कपात पावडरीचा चमचा सपाट, म्हणजे 2 ग्रॅम. सर्वांत घातक चूक घाईची: अर्धा तास थांबण्याआधी सूचक टाकला, तर पुढे खर्च होणारं क्लोरीनही निळं दिसतं आणि मात्रा कमी निघते. त्या अर्ध्या तासात विहिरीचं गणित करून घ्या.

उत्तर 2: उलट अडचणही सांगतो. एकही कप निळा झाला नाही, तर काळ्या कपातल्या द्रावणाचा थेंब थेट सूचकात टाका. तिथेही रंग नाही, म्हणजे पावडर मेलेली किंवा स्टार्च शिळं.

गणित असं: व्यास 3 मीटर, पाणी 5 मीटर; 3.14 × 9 × 5 ÷ 4 = 35.3 घनमीटर, म्हणजे सुमारे 35,300 लिटर. पहिला निळा कप तिसरा आला तर तीन चमचे, म्हणजे 455 लिटरला 6 ग्रॅम. एकूण साधारण 466 ग्रॅम. व्यासाऐवजी त्रिज्या धरणारे हमखास भेटतात, त्यांची मात्रा चौपट चुकते.

उत्तर 3: विहिरीवर गावच्या जलसुरक्षकाला सोबत घ्या, तो 'टीसीएल' म्हणतो ती हीच पावडर. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको; आधी लगदा, मग पाऊण बादली पाणी, 5-10 मिनिटं निवळू द्या. वरचं पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं. खालचा चुना गेला तर पाण्याचा कठीणपणा वाढतो. ती दुसरी बादली पाण्याखाली बुडवून वर-खाली, आडवी हलवा. तासाभरानं ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन टाकून पिवळ्या रंगावरून क्लोरीन मोजायची चाचणी). रंग 10 सेकंदांत वाचा, उशीर झाला की संयुक्त क्लोरीनही (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलं गेलेलं) त्यात मोजलं जातं. मुक्त क्लोरीन 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटर यायला हवं.